बरा होत असलेला माणूस

जर्मनीत ड्रेस्डेनला कागदावरच्या जुन्या चित्रांच्या एका संग्रहात मी संवर्धनाचं काम करते. आधी कळवून आलं, तर आमच्या अभ्यासिकेत मूळ चित्र काचेशिवाय टेबलावर पाहायला मिळतं. त्या दिवशी एका निवृत्त सर्जन बाईंनी जर्मन चित्रकार ओटो डिक्सची ‘युद्ध’ मालिका मागितली होती.

१९२४ साली बर्लिनच्या कार्ल नीरेनडॉर्फने ही मालिका प्रकाशित केली. धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून कागदावर छापलेली ५० चित्रं, असे ७० संच. डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतही होता. खंदकातला सैनिक काय खातो, कुठे आडवा होतो, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

बाईंना त्यातलं ‘ट्रान्सप्लांटेशन’ हवं होतं. इस्पितळातला सैनिक. अर्धा चेहरा धड, उरलेल्या अर्ध्यावर कातडीचे गोळे शिवून बसवलेले. हे चित्र पाहताना बहुतेकांची नजर हटते. या बाईंनी मात्र माझं भिंग मागून घेतलं आणि सावकाश एकेक शिवण पाहू लागल्या.

‘‘कातडीचं एक टोक मूळ जागी तसंच ठेवायचं,’’ त्या सांगत होत्या, ‘‘म्हणजे रक्त पोचत राहतं. दुसरं टोक नव्या जागी रुजलं की मग पहिलं कापायचं. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. पू झाला की सगळं वाया.’’ बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९१६ पासून जाक योझेफ अशा चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करत होते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग भिंग बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘‘सगळे याला भयंकर म्हणतात. मला हा अर्ध्या उपचारातला पेशंट दिसतो. हा बरा होतोय.’’

इतकी वर्षं हा कागद हाताळूनही मला ते दिसलं नव्हतं.

मला माहीत होतं ते मी दाखवलं. दिवा खाली आणून उजेड आडवा टाकला. कागदावर शाई चढून बसलेली दिसली. डिक्स ॲसिड पत्र्याला पुन्हा पुन्हा खाऊ देत असे. त्यामुळे सडलेलं मांस दाखवायचं, तिथे धातूच सडल्यासारखा होतो आणि तोच खडबडीतपणा छपाईत उतरतो. बाई वाकून पाहत राहिल्या.

‘‘हा जेवत कसा असेल?’’ त्यांनी विचारलं. प्रश्न पूर्ण वैद्यकीय होता, पण त्यावरून मी दुसरं चित्र काढलं. खंदकात एक सैनिक भराभर जेवतोय आणि शेजारी गोठलेल्या जमिनीत माणसाचा सांगाडा रुतलेला आहे. त्याचं तिकडे लक्षच नाही. मग बेल्जियममधल्या पिल्केमजवळचे जेवण वाहून नेणारे सैनिक काढले.

डिक्सच्या चित्रांतली प्रेतं सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला तो खाणाऱ्या, झोपणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांचा चित्रकार वाटतो. १९३३ साली नाझींनी त्याला इथल्याच कला अकादमीतून काढलं. त्याच्या चित्रांमुळे लोकांची लढण्याची इच्छा खचेल, हे त्यांनी दिलेलं एक कारण.

जाताना बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी शिकाऊ सर्जनना घेऊन येते. त्यांच्यासाठी मी ही तीन चित्रं तर काढणारच आहे, शिवाय कॅन्टीनमधल्या सैनिकांचंही काढणार आहे.