डॅशबोर्ड दुसऱ्यांदा कोण उघडतो?

चाकणच्या एका कारखान्यात एमआयएसचे, म्हणजे व्यवस्थापनाला माहिती पुरवण्याचे काम करताना गेल्या नऊ वर्षांत मी जे डॅशबोर्ड, म्हणजे कामाचे आकडे आणि आलेख दाखवणारी संगणकावरची पाने तयार केली, त्यांतले निम्म्याहून अधिक आज कोणी उघडतही नाही, ही कबुली आधीच देऊन टाकते. असे डॅशबोर्ड दाखवणारी नवी बिझनेस इंटेलिजन्स प्रणाली सुरू झाली त्या दिवशी पेढे वाटले गेले, पहिल्या आठवड्यात लॉगिनचा आलेख चढला आणि दीड महिन्यात तो जमिनीला टेकला. त्याच सुमारास स्टोअर्सच्या काकांसाठी घाईघाईत केलेले, दिसायला अगदी ओबडधोबड असे एक पान मात्र अजूनही रोज सकाळी पावणेनऊच्या आत उघडले जाते.

त्या पानावर नव्वद दिवसांत जागचा न हललेला माल दिसतो: आयटम कोड, रॅक क्रमांक, शेवटचा इश्यू (स्टोअर्समधून माल बाहेर देणे) कधी झाला ती तारीख आणि किंमत, बस्स. काका ते चक्क छापून घेतात आणि पेन घेऊन रॅकपाशी जातात. पहिल्या दिवशी त्यांनी बारा ओळी अशाच ताडून पाहिल्या आणि दोन चुकीच्या निघाल्या. त्या मी दुपारपर्यंत दुरुस्त करून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचच ओळी तपासल्या आणि आठवड्याने तपासणेच सोडून दिले. विश्वास बसतो म्हणजे काय होते, हे इतक्या जवळून मी आधी कधी पाहिले नव्हते.

या विषयावरचे संशोधन मी नंतर वाचले. फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले होते की, एखादी संगणक प्रणाली लोक वापरतात की नाही, याचा संबंध ती सोपी वाटण्यापेक्षा उपयोगी वाटण्याशी अधिक असतो. तो प्रश्न मुख्यतः स्वीकाराचा होता. वापर टिकतो कशामुळे, याची मांडणी अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये केली: आधी बाळगलेली अपेक्षा प्रत्यक्ष वापरात कितपत पुरी होते, त्यावर समाधान आणि उपयुक्ततेची जाणीव अवलंबून असते आणि पुढेही वापरत राहण्याचा इरादा या दोहोंवर ठरतो. ही मांडणी त्यांनी ऑनलाइन बँकिंग करणाऱ्यांवर पडताळली होती. पण बँकेच्या ग्राहकाला पटले नाही तर तो ते सोडून देऊ शकतो. आमच्या माणसांना तशी मोकळीक नाही. व्यवस्थापनाने लॉगिन मोजायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळे जण येऊन हजेरी लावून जाऊ लागले. सक्तीच्या ठिकाणी समाधान नसले तरी लॉगिन होतच राहते, फक्त निर्णय दुसऱ्याच कागदावरून घेतले जातात.

अपेक्षाभंगाचा माझा धडा विक्री विभागाकडून आला, आणि त्यात चूक माझीच होती. डॅशबोर्डवरचा विक्रीचा आकडा गेटबाहेर पडलेल्या मालाचा होता. ग्राहकाकडून रिजेक्ट होऊन परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा, म्हणजे ग्राहकाला परत द्यायच्या रकमा, त्यातून वजा केलेल्या नव्हत्या. मासिक आढाव्यात आमच्या एका विभागीय साहेबांनी तो आकडा सांगितला आणि अकाउंट्सने त्याच टेबलावर त्याहून कमी आकडा ठेवला. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या आकड्यावर बोललो आणि तोंडघशी पडलो.’’ दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर होते, पण उद्घाटनाच्या दिवशी ‘यापुढे कंपनीत एकच आकडा’ अशी बढाई आम्हीच मारली होती. दुरुस्तीला चार दिवस लागले. साहेब परत आले ते सात महिन्यांनी. तेही प्रत्येक आकड्याखाली तो कुठून येतो, त्यात काय धरलेले नाही आणि शेवटचा कधी अद्ययावत झाला, हे आम्ही लिहू लागलो तेव्हा. मिटिंगमध्ये कोणी उलटा प्रश्न विचारला तर त्यांना आता उत्तर देता येते.

ते आजही आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेतात. पूर्वी मला तो पराभव वाटायचा, परंतु त्यांच्या फाइलमध्ये एक जास्तीचा रकाना असतो, ‘फोनवर काय म्हणाला’, आणि तो मला कुठल्याही सर्व्हरवरून आणून देता येणार नाही.

‘बिझनेस इंटेलिजन्स सिस्टीम’ याच नावाचा लेख आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये लिहिला होता. त्यात प्रत्येक कामाच्या जागेला कशाची गरज आहे, याची नोंद आधी करून ठेवायची आणि नवी कागदपत्रे त्या नोंदीशी जुळवून संबंधितांकडेच पाठवायची, अशी कल्पना होती. आम्ही उलटे केले: सर्वांसाठी एकच चाळीस आलेखांचे पान मांडले आणि ज्याने त्याने आपले शोधून घ्यावे असे सांगितले. काकांच्या पानाला मात्र एकाच टेबलाचा एकच प्रश्न ठाऊक होता.

गेल्या महिन्यात काका गावी गेले होते. नऊच्या सुमारास त्यांच्या जागी बसलेल्या मुलाचा फोन आला, ‘‘मॅडम, आजचं पान कालचंच दिसतंय.’’ पाहते तो रात्रीचा डेटा लोड मध्येच थांबला होता. त्याच रात्री इतर विभागांची अकरा पानेही अडकली होती. त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत कोणाचाही फोन आला नाही.