दुपारचा पेला

"पी बेटा, लेकराचं दूध आटेल."

रमजानची दुपार, जळगाव जिल्ह्यातल्या यावलची तडवी (मुस्लिम भिल्ल आदिवासी) वस्ती. सुनेला पाण्याचा पेला देणाऱ्या सासूचा स्वतःचा रोजा होता. सून मात्र भिंतीकडे तोंड करून, पदराआड पीत होती. ते पाहून मन खात राहिलं.

अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न धरण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर धरायचे, सलगच हवेत असं नाही. या सुनेच्या कॅलेंडरवर राहिलेल्या रोजांच्या ११ फुल्या होत्या. थंडीत दिवस लहान, तेव्हा फेडणार म्हणाली. कुरआनात (सूरा बकरा, २३३) पाजण्याची पूर्ण २ वर्षं सांगितली आहेत.

मग शेजारीण दारात उभी राहून "रोजा नाही का गं?" असं का विचारते?