तुळशीवृंदावन आणि पंचवीस चौरस इंच

डॅलसजवळ घर घेताना एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नियमावली न वाचताच आम्ही सह्या केल्या. चार वर्षं काही बिघडलं नाही. गेल्या कार्तिकात पुढच्या दाराजवळ सिमेंटचं वृंदावन बसवलं, तुळशीचं लग्न लावलं, आणि दोन आठवड्यांत एचओएचं दंडाचं सर्टिफाइड पत्र हजर. विनापरवानगी सजावटीची वस्तू, शिवाय बाजूला रचलेल्या रिकाम्या कुंड्या आणि मातीची पोती.

कुंड्यांचं त्यांचं बरोबर होतं. रस्त्यावरून दिसेल असं सामान ठेवायचं नाही हा नियमच आहे, त्याच संध्याकाळी सगळं गॅरेजमध्ये गेलं.

डोकं फिरलं ते वृंदावनावरून. एचओएच्या पोर्टलवरच्या परवानगीच्या अर्जात ‘वस्तूचा प्रकार’ निवडायचा: कारंजं, पुतळा, पक्ष्यांचं खाद्यपात्र, सणाची सजावट. ‘पुतळा’ निवडलं तर रंगाचा नमुना मागितला. ‘सणाची सजावट’ निवडलं तर विचारलं, उतरवणार कधी? आता तुळस काय उतरवतात! फोन केला की एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीतल्या बाई दर वेळी तेच वाचून दाखवायच्या: धार्मिक वस्तू फक्त दारावर किंवा चौकटीवर, पंचवीस चौरस इंचांपर्यंत. म्हणजे पाच बाय पाच. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी चिडून टेप घेऊन दारात गेले. आमच्या प्लास्टिकच्या तोरणाची दोन पानंच तेवढी भरली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तोरणाचेही गुन्हेगार!

शेवटी नवऱ्याने टेक्सासचा प्रॉपर्टी कोडच उघडला, कलम २०२.०१८. पंचवीस इंचांची अट २०११ च्या कायद्यातली, २०२१ मध्ये ती काढून टाकलेली. आता श्रद्धेने ठेवलेली वस्तू स्वतःच्या जागेत असेल तर एचओएला अडवता येत नाही. सामाईक जागेत नको, सेटबॅकच्या रेषेत, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, नको, कुणाला धोका नको, अशा थोड्या अटी आहेत. बाईंची नियमावली मात्र २०११ मध्येच बसून होती.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पत्र टपालात टाकल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत सुनावणी लेखी मागा. फोनवर हुज्जत घालण्यात माझे बावीस दिवस गेले. आणि सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी त्यांनी त्यांचे पुरावे पाठवायचे असतात. आम्हाला कागदाचा चिटोराही आला नाही. अशा वेळी पंधरा दिवसांची मुदतवाढ हक्काने मिळते. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, उरकून टाकू.” मी मागितलीच.

सुनावणी ऑनलाइन, अकरा मिनिटांची. सेटबॅकच्या रेषेपासून अंतर किती, एवढंच विचारलं. टेप लावून काढलेला फोटो तयारच होता. दंड रद्द.

तोवर थंडी कडक झाली होती. तुळस केव्हाच स्वयंपाकघराच्या खिडकीत आली होती. बाहेर वृंदावन नुसतंच उभं होतं, रिकामं आणि कायदेशीर.