बंद तुटला नव्हता, कापड फाटलं होतं

दुसरीकडे शिवून घेतलेल्या ६० कॅनव्हास पिशव्या घेऊन एक बाई आमच्याकडे आल्या. तक्रार एकच होती: "पिशवीचे बंद तुटतात, जाड दोऱ्याने पुन्हा शिवून द्या." काही फाटल्या होत्या, बाकीच्या फाटायच्या बेतात होत्या. पहिली पिशवी उलटी केली तर दोरा धडधाकट आणि बंद शाबूत. बंदाच्या टोकाला टिपेसकट कापडाची चिंधी चिकटली होती आणि पिशवीला सरळ रेषेत फाट गेली होती.

दुरुस्तीला आलेल्या पिशवीत आधी फाट वाचायची असते. दोरा तुटला असेल तर टिपेची टोकं लोंबतात आणि कापडाला फक्त भोकं दिसतात. माया, म्हणजे टिपेपलीकडे सोडलेलं कापड, कमी ठेवली असेल तर शिवणीजवळचे धागे सरकून जाळी पडते. कापड टिपेवरच फाटलं असेल तर तिथे भोकं गरजेपेक्षा जास्त पडली आहेत. इथे टाका मोजला, दीड मिलिमीटरचा निघाला. म्हणजे १० सेंमीत ६६ भोकं. ३ मिमीचा टाका असता तर ३३ पडली असती. त्यातच मजबुतीसाठी म्हणून त्याच रेषेवर मशीन पुढे-मागे तीनदा फिरवलं होतं. पोस्टाच्या तिकिटाची कड जशी फाटते, तशी ती पट्टी वजनाखाली सुटली. जाड कापडाला बारीक टाका मजबूत वाटतो, पण दोऱ्याआधी कापड हरतं. जाड दोऱ्याला जाड सुई लागते, म्हणजे भोक आणखी मोठं. त्यामुळे मागितलेली दुरुस्ती करून दिली असती तर त्या पिशव्या आणखी लवकर परत आल्या असत्या.

दुसरं कारण बंद किती आत शिवला होता, त्याचं. तोंडाची दुमड अडीच सेंमी आणि बंदाचं टोक जेमतेम तेवढंच आत. सगळा भार एका आडव्या टिपेवर येत होता. कापडाचा काही दोष नव्हता. १० औंसाचं, म्हणजे साधारण ३४० जीएसएमचं (एका चौरस मीटरला ३४० ग्रॅम) कॅनव्हास किराणा सहज पेलतं.

तोंड खाली कापून नवी दुमड घालायची, हा सोपा उपाय. पण मग पिशवीवर छापलेलं चित्र तोंडाला टेकलं असतं. म्हणून तोंडाला बाहेरून-आतून कवेत घेणारा ७ सेंमीचा पट्टा लावायचं ठरलं. पट्ट्याची रुंदी ७ अधिक ७, दोन्ही कडांना दीड-दीड सेंमी दुमड, मिळून १७ सेंमी. पिशवी ३८ सेंमी रुंद, म्हणून लांबी ७६ अधिक जोडाची ३ सेंमी माया, मिळून ७९. दीड मीटर पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, उभ्या धाग्याने (कापडाच्या लांबीच्या दिशेने) ८ पट्टे बसतात. ६० पट्ट्यांना ८ रांगा, म्हणजे ६ मीटर ३२ सेंमी. कोरं कॅनव्हास धुतल्यावर आटतं, म्हणून ७ मीटर घेऊन आधी धुतलं, इस्त्री केली आणि मगच कापलं. पट्टा आडव्या धाग्याने काढू नये. उभा धागा कमी ताणतो, त्यामुळे तोंड सैल पडत नाही.

जुने बंद खोलवर घेतले असते तर आखूड पडून खांद्यावर चढले नसते. नवे बंद अडीच सेंमी रुंदीच्या सुती निवाडीचे (जाड विणलेल्या पट्टीचे) घेतले. वर ५५ सेंमी, दोन्ही टोकांना ६ सेंमी आत आणि दीड सेंमी दुमड, म्हणजे एका बंदाला ७० सेंमी. सगळे मिळून ८४ मीटर, आटण्यासाठी थोडी जास्त धरून ८८.

जुनी दुमड उसवून आतला भाग कापून टाकला, म्हणजे तोंडाशी एकच थर उरला. फाटीच्या कडा जुळवून झिगझॅगने सपाट केल्या आणि पट्टा बसवला. बंद आतून लावून ४ सेंमी उंच, २ सेंमी रुंद चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घातली. ११०/१८ ची सुई, पॉलिएस्टर दोरा, ३ मिमीचा टाका. टीप पक्की करायला मशीन मागे घेऊन घातलेला उलट टाका फक्त दोन-तीन घरं, तोही उभ्या बाजूच्या मध्यावर. कोपऱ्यावर कधीच नाही, कारण धक्का तिथेच आधी पोहोचतो.

खरी अडचण चौकोनाच्या खालच्या टिपेला आली. तिथे निवाडीचे दोन, पट्ट्याचे आतून दोन, पिशवीचा एक आणि बाहेरून पट्ट्याचे दोन असे सात थर एकत्र येतात. मशीनचा कापड दाबणारा पाय वर चढताना तिरका होतो, टाके सुटतात आणि घाई केली तर सुई मोडते. थर लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचे, पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची घडी सरकवून पाय समपातळीत आणायचा आणि ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घ्यायचे. यात वेळ जातो, पण तो द्यायलाच हवा.

पहिली तयार पिशवी १२ किलो भरून रात्रभर टांगली. सकाळी उचलून झटके दिले, कारण स्थिर वजनापेक्षा धक्का जास्त फाडतो. बंद जागचे हलले नाहीत, पण तळाचा कोपरा उसवला. तळ नुसत्या ओव्हरलॉकवर (कापडाची कड गुंडाळणाऱ्या शिलाईवर) होता आणि माया जेमतेम ६ मिमी. आधी बंदच फाटत होता, म्हणून तळापर्यंत पाळी आली नव्हती. मग सगळ्या पिशव्यांच्या तळाला आणि बाजूंना कडेपासून १ सेंमी आत सरळ टीप घातली, कोपऱ्यांवर निवाडीचा तुकडा दाबून. पिशवी किंचित अरुंद झाली. ते त्या बाईंना फोनवर आधीच विचारून घेतलं होतं. सरळ टिपेला शिवणीच्या लांबीच्या अडीच ते तीन पट दोरा लागतो, त्या हिशेबाने रिळं वाढवून मागवावी लागली.