दुखतं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारून झालाय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घेताघेता विचारून झालाय. परवा चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या सुनेने विचारला. तिला नववा लागलाय आणि तारीखही ठरली आहे. "ताई, ठरवून सिझर आहे माझं. दुखतं का हो?"

मला दोन वर्षांपूर्वी या प्रश्नाची दोनच उत्तरं मिळाली होती. एक, "काही नाही गं, कळतसुद्धा नाही." दुसरं, "मणक्यात सुई गेली की कंबर आयुष्यभराची गेली." दोन्ही खोटी निघाली. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं बाळ पायाळू होतं, म्हणजे शेवटपर्यंत डोकं वर आणि बूड खाली. नऊ महिने भरताना शंभरातली तीन-चार बाळं अशी असतात. बाहेरून पोटावर हाताने दाबून बाळ फिरवता येतं का, तेही डॉक्टरांनी पाहिलं. माझ्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं. मग सिझर. कारण मला नीट समजलं होतं आणि त्याने मन फार शांत राहिलं. तुम्हीही विचारा, "माझं सिझर का?" बाळ आडवं आहे, वार (प्लॅसेंटा) खाली आहे, आधीचं सिझर आहे, जुळी आहेत, काय असेल ते स्पष्ट शब्दांत मागा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. इतकी सगळी गरजेचीच होती का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो डॉक्टरांना विचारायचा, ज्या बाईचं पोट कापलं गेलंय तिला नाही.

तारखेचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ठरवून सिझर म्हटलं की पंचांग निघतंच. सासूबाईंनी काढलं. डॉक्टरांनी ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचे तीन दिवस दिले होते, त्यातला अमावास्येचा सोडून आम्ही एक धरला. एवढं चालतं. पण चांगला मुहूर्त आहे म्हणून कुणी आठ-दहा दिवस अलीकडे ओढायला लागलं तर अजिबात ऐकू नका. विनाकारण ३९ आठवड्यांच्या आत सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. कुंडली बघायला पुढे आयुष्य पडलंय.

तारीख ठरली तरी कळा त्याआधी सुरू होऊ शकतात. मला डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी गेलं तर घरात थांबायचं नाही, तडक निघायचं. पायाळू बाळाच्या आधी नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. आम्ही राहतो ठाण्यात, कासारवडवलीला, दवाखाना नौपाड्यात. मधला संध्याकाळचा, गाड्यांनी तुंबलेला घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना माझी ती शेवटची दोन आठवड्यांची झोप कशी होती ते वेगळं सांगायला नको. बॅग दाराशी भरून ठेवली होती. त्यात कमरेला सैल, बेंबीच्या वर येणाऱ्या सुती चड्ड्या ठेवा. नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक बरोबर टाक्यांवर येतं.

आदल्या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या होतात आणि भूल देणारे डॉक्टर भेटतात. सगळी औषधं, ॲलर्जी, दमा, पाठीचं दुखणं त्यांना सांगा. आदल्या रात्री हलकं जेवले. आठ वाजताच्या ऑपरेशनला मला सहा तास आधीपर्यंत खाणं आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल असं सांगितलं होतं. बऱ्याच जणी रात्री बारानंतर थेंबही घेत नाहीत आणि सकाळी घसा कोरडा घेऊन बसतात, म्हणून आपल्या डॉक्टरांना हे नेमकं विचारून घ्या. पहाटे साडेपाचला निघालो. माजिवड्यापर्यंत रस्ता रिकामा.

आता ऑपरेशन थिएटर. गार असतं, खूप गार. हाताला सलाईन, अँटिबायोटिकचं इंजेक्शन. मग टेबलाच्या कडेला बसवतात, हनुवटी छातीला लावून पाठ गोल करायला सांगतात. नऊ महिन्यांच्या पोटावर हे अवघडच. सिस्टरनी माझे खांदे धरले होते आणि मी त्यांच्या गाऊनमध्ये तोंड खुपसलं होतं. आधी कातडी बधिर करायची बारीक टोचणी, ती चुरचुरते. नंतरच्या सुईचा दाब कळला, दुखलं असं म्हणणार नाही. मिनिटभरात पाय गरम झाले, मग जड, मग माझे राहिलेच नाहीत. लघवीची नळी त्यानंतर घातली, ती कळलीही नाही. काही ठिकाणी ती आधी घालतात. भुलीनंतर घाला म्हणून विनंती करून बघा.

कंबरेचं म्हणाल, तर त्या सुईने कायमची कंबर धरते याला आधार नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि वाकून वाकून बाळाला पाजणं, पुढच्या कंबरदुखीचं मूळ बहुतेकदा त्यात असतं. एक मात्र खरं, की थोड्या जणींना नंतर डोकं भयंकर दुखतं, बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. तसं झालं तर सोसत बसू नका. त्यावर इलाज असतो.

भूल चढल्यावर रक्तदाब उतरतो आणि अचानक मळमळतं. माझ्या कानात गुंजायला लागलं, वाटलं आता जाते. मी नुसतं "कसंतरी होतंय" म्हटलं, भूलतज्ज्ञांनी सलाईनमधून औषध दिलं आणि मिनिटभरात बरं वाटलं. हे सांगायला लाजू नका, ते त्यासाठीच उशाशी उभे असतात. दात कडकड वाजतील इतकी थरथर सुटते, तीही भुलीचीच.

छातीपाशी पडदा लावतात. चीर ओटीपोटाच्या खाली आडवी, वीतभराहून कमी. दुखत नाही. कळतं मात्र. आजीची जुनी ट्रंक असते ना, गच्च भरलेली, तिच्यातून तळची गोधडी ओढून काढताना ट्रंक अख्खी हलते, तशी मी हलत होते. शेवटी कुणीतरी बरगड्यांखाली जोरात दाबलं आणि श्वास अडकल्यासारखा झाला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी घाबरले. तो बाळ बाहेर येण्याचाच क्षण होता. चीर दिल्यापासून जेमतेम सात-आठ मिनिटं.

तारीख माहीत, वार माहीत, वेळ माहीत, पण मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कायद्याने कुणालाच आधी कळत नाही. पडद्यावरून ओलं, निळसर, पाय कानाशी दुमडलेलं बाळ दिसलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "मुलगी!" त्यानंतरची चाळीस मिनिटं टाके घालण्यात जातात. थर थर करत शिवायचं असतं, त्यालाच वेळ लागतो. मला त्या वेळेची फारशी आठवण नाही. तिचा गाल माझ्या गालाला लावला होता, तेवढंच आहे.

म्हणजे थिएटरमध्ये दुखत नाही. दुखतं ते संध्याकाळी.

भूल उतरली तसे टाके जागे झाले. सिस्टर दर थोड्या वेळाने विचारत होत्या आणि मी "ठीक आहे" म्हणत राहिले. आमच्या घरात सोसण्याचं कौतुक फार. रात्री दोन वाजता मला रडू फुटलं. दुखणं डोक्यावर चढल्यावर औषध घेतलं की त्याला उतरवायला वेळ लागतो; घड्याळ लावून, दुखायच्या आधी घ्यायचं असतं. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! ठरवून दिलेली औषधं बाळाला पाजताना चालणारीच असतात, तरी खात्री करून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि "चला, उठा" झालं. हाच खरा डोंगर. सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, गुडघे दुमडायचे, पाय पलंगाखाली सोडत कोपराने वर यायचं. टाक्यांवर उशी दाबून धरायची, खोकतानाही तीच उशी. पहिली पाच पावलं मी पूर्ण वाकून टाकली, पोट उसवेल असं वाटत होतं. उसवत नाही. चाललं की गॅस सुटतो, पायात रक्त साकळायचा धोका कमी होतो, आणि दुपारपर्यंत तीच पावलं निम्मी दुखतात. सिझर झालं तरी खालून रक्त जातंच, महिना-सव्वा महिना. अनेकींना हे माहीत नसतं आणि त्या घाबरतात. बाळाला पाजताना पोटात कळ येते, तो गर्भाशय आकसत असतो.

दुधाचं. सिझरनंतर दूध भरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. भेटायला आलेल्या दोघींनी पलंगाशेजारीच "हिला दूधच नाही" असं ठरवून टाकलं. चीक होता, थेंब थेंब, आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच पुरतो. बाळाचे पाय माझ्या काखेतून मागे काढून धरायला सिस्टरनी शिकवलं, तसं धरलं की टाक्यांवर भार येत नाही.

चौथ्या दिवशी घरी. गाडीतही उशी पोटाशी, तरी घोडबंदर रोडचा एकेक खड्डा टाक्यांनी मोजला. घरी नवी परीक्षा. भाताने टाके पिकतात, तुपाने पू होतो, असं दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांचं मत. डॉक्टरांनी काहीच वर्ज्य केलं नव्हतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, सगळं आनंदाने खाल्लं. मालिशवाल्या मावशींना हातापायांना तेल लावू दिलं, पोटाला नाही. शेगडी आणि धुरी मात्र मी ठामपणे नाकारली. धूर बाळाच्या छातीत जातो. सहा आठवडे बाळाहून जड काही उचललं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही.

आणि काही गोष्टींना थांबायचं नाही. ताप, टाक्यांतून पाणी किंवा वास, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप. किंवा दोन आठवडे उलटूनही रोज येणारं रडू. डॉक्टरांना फोन करा, मध्यरात्र असली तरी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी खर्चाचं विचारलं होतं, त्यांच्या मुलीसाठी. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझरही मोफत आहे. आणि सिझरची फाईल जपून ठेवा. पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकेल का, हे त्यातल्या नोंदींवर बरंचसं ठरतं, आणि अनेकींचं होतंही.

टाक्यांइतकंच एक वाक्य दुखलं, तेही सांगते. "बरं झालं, कळांतून सुटलीस." माझ्या आईच्या वयाच्या बाई प्रेमाने म्हणाल्या. मी तेव्हा पलंगाचा कठडा धरून उभी होते. बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा हे म्हणू नका, एवढंच मागणं.

सहाव्या आठवड्यात लेकीच्या खुब्यांची सोनोग्राफी झाली. पायाळू बाळांची ती करून घ्यायची असते, कारण त्यांचा खुब्याचा सांधा कधीकधी नीट बसलेला नसतो. तिचा ठीक होता. घरी आलो तर गावाहून आजी आलेली, प्रवासात कमरेत उसण भरलेली. पायाळूची लाथ लागली की उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. "पण सिझरने झालेलं पायाळू चालतं का?" आई म्हणाली. मी सांगितलं, सिझरमध्येही तिचं बूड आणि पायच आधी बाहेर आले होते. आजीचं समाधान झालं. ती पाठमोरी बसली, मी लेकीची बोटभर टाच तिच्या कमरेला लावली, आणि लेकीने खरोखरच पाय झाडला. आजी "आई गं!" करून ओरडली. मी पोट धरून हसले, आणि उशी शोधायचं मला सुचलंच नाही.