आमची वाटचाल : कॅसेटच्या कार्डापासून सीडीच्या चकतीपर्यंत

घरी, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या छोट्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करून त्याच्या पन्नास-शंभर प्रती काढणाऱ्यांची कव्हरं आणि लेबलं आम्ही छापतो. भजनी मंडळं, कीर्तनकार, गायनाचे क्लास, आजोबांच्या पेटीवादनाची सीडी नातेवाइकांना वाटणारी घरं, हे आमचं गिऱ्हाईक. हजारांच्या वर प्रती हव्या असतील तर सरळ ऑफसेटवाल्याकडे जावं, तिथे स्वस्त पडतं.

सुरुवात कॅसेटच्या इनले कार्डांनी, म्हणजे डबीत घालायच्या घडीच्या कव्हरांनी झाली. पुढचा भाग 65 मिमी, कणा (डबीच्या कडेला नाव दिसतं ती पट्टी) 13, आतली पट्टी 16, उंची 101. दोन क्रीज (घडीसाठी दाबून काढलेल्या रेघा) मारल्या की काम संपलं. सीडी आली आणि एका डबीला दोन कागद लागू लागले. पुढचं कव्हर 120 × 120 मिमी. मागचं कार्ड 151 × 118, त्यात दोन्ही बाजूंना साडेसहा मिमीचे कणे आणि मध्ये 138. हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत असेच आहेत, कारण डबी अर्धा मिमीसुद्धा माफ करत नाही. कार्ड 152 झालं तर काळा ट्रे नीट बसत नाही आणि झाकण उघडं राहतं. 150 झालं तर कण्यावरचं नाव पाठीवर सरकतं.

पुष्कळ जण घरच्या प्रिंटरवर छापून बघतात, आणि ‘माप बरोबर घेतलं तरी बसत नाही’ म्हणून येतात. दहापैकी नऊ वेळा दोष एकच निघतो : प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलेलं असतं. छपाई 97 टक्क्यांवर आली की कार्ड साडेचार मिमी आखूड झालंच. ‘अॅक्चुअल साइझ’ निवडा आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढून पट्टीने मोजा. ए-फोरवर पुढचं कव्हर आणि मागचं कार्ड एकाखाली एक, चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरूनही आरामात बसतात.

कण्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण कपाटात उभी ठेवलेली सीडी शोधायची ती कण्यावरूनच. दोन्ही कण्यांवर अक्षरांचा माथा कार्डाच्या बाहेरच्या कडेकडे हवा. डबी पुढची बाजू वर करून टेबलावर ठेवा, डावीउजवीकडून नाव सरळ वाचता आलं की बरोबर. साडेसहा मिमीत मराठी बसवणं इंग्रजीपेक्षा अवघड, कारण ‘दुर्गा’ म्हटलं की वर रफार आणि खाली उकार. आम्ही नऊ-दहा पॉइंटच्या वर जात नाही. घडी अर्धा मिमी इकडेतिकडे झाली की मोठ्या अक्षराचा उकारच मागच्या पानावर जातो.

कागद मागच्या कार्डाला 170 जीएसएमचा (चौरस मीटरला 170 ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर पुरतो. तीनशेचं कार्ड घ्या असा आग्रह होतो, पण ते घडीवर तडकतं आणि गडद रंगावर पांढरी रेघ उमटते. क्रीज तर 170लाही मारायचीच. पुढे पुस्तिका हवी असेल तर पानं चारच्या पटीत, 130 जीएसएमवर सोळा पानांपर्यंत. त्यापेक्षा जाड झाली की झाकणाच्या आतल्या अर्धचंद्री खुंट्यांखालून ओढताना पहिलं पान फाटतं.

फाइलींचा त्रास वेगळाच. श्री-लिपी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोड मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाकला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती करून, पीडीएफ आणा, आणि सोबत तोच मजकूर वाचता येईल असा एक कागद. अभंगातली ऱ्हस्व-दीर्घची चूक शंभर प्रतींवर गेली की मंडळातले जाणकार वर्षभर ऐकवतात.

आता चकतीवरचं लेबल. गोल स्टिकर लावणं आम्ही बंद केलं आहे, कोणी मागितलं तरी लावत नाही. सीडीत ध्वनी साठवणारा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, तो छापील बाजूच्या लाखेखाली, काही मायक्रॉनवर असतो. स्टिकर वाकडा बसला म्हणून सोलायला जावं तर त्याच्याबरोबर लाख आणि चंदेरी थर उचकटून येतो. उजेडासमोर धरलं की आरपार भोकं दिसतात. त्या जागची गाणी गेली. नीट बसलेला स्टिकरही गाडीच्या उन्हात कडेने सुटतो आणि फटीतून सीडी आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये अडकून बसतो. डीव्हीडीत तो थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे सोलण्याची भीती कमी, पण स्टिकरच्या ओढीने चकती वाकते आणि चित्र अडखळतं. सीडीवर बॉलपेनने नाव लिहिणंही तितकंच वाईट. टोकाचा दाब थेट त्या थरावर येतो.

त्याऐवजी इंकजेटने छापता येणाऱ्या पांढऱ्या पृष्ठाच्या कोऱ्या सीडी घ्याव्यात. त्यांत दोन प्रकार : मधलं पारदर्शक कडं मोकळं ठेवणाऱ्या, आणि आत 23 मिमीपर्यंत छापता येणाऱ्या. बाहेरची कड 118. डिझाइन करण्याआधी हातातल्या चकतीचं पांढरं क्षेत्र मोजा, नाहीतर शाई प्लॅस्टिकवर जाऊन बोटांना लागते. आधी रेकॉर्डिंग भरायचं, तपासायचं, मग छापायचं. उलट केलं तर बिघडलेल्या चकतीबरोबर शाईही फुकट.

पावसाळ्यात शाई वाळायला एक दिवस द्या. ओल्या चकत्या एकावर एक रचल्या की खालचीची शाई वरचीच्या वाचायच्या बाजूला लागते, आणि ती पुसताना चरे पडतात.

गाण्यांची यादी सीडी भरून झाल्यावरच अंतिम करा. 80 मिनिटांची मर्यादा पाहून शेवटची भैरवी कापली जाते आणि कव्हरवर मात्र तशीच राहते, हे नेहमीचं आहे. सीडी विकणार असाल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष चकतीवर आणि डबीवर दोन्हीकडे छापणं कॉपीराइट कायद्याच्या कलम 52एप्रमाणे बंधनकारक आहे. घरातल्यांना वाटायची असेल तरी वर्ष घालाच.

हल्ली निम्म्या मंडळांच्या घरी सीडी प्लेअरच नाही, म्हणून त्याच 120 × 120च्या कार्डावर क्यूआर कोड मागतात. तो 20 मिमीपेक्षा लहान नको, गडद रंगात फिक्यावर हवा आणि भोवती कोडातल्या चार बारीक चौकटींइतकी कोरी जागा सोडलेली हवी. विठ्ठलाच्या फोटोवर सोनेरी कोड छान दिसतो, पण मोबाइलला तो वाचता येत नाही. चकचकीत लॅमिनेशन असेल तर दिव्याखाली धरून, दोन वेगवेगळ्या फोनवर तपासल्याशिवाय आम्ही पुढची शीट मशीनला घालत नाही.