नार्व्याहून गोंयच्या सायबाकडे

आमच्या घरात आषाढीची वारी आहे. नोव्हेंबरअखेर नोवेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू झाल्या की जुन्या गोव्याला पायी जायचे, ही मात्र माझी हौस. डिचोलीहून नार्वे, तिथे सप्तकोटेश्वराला हात जोडून फेरीबोट, मग दिवाडी बेट चालत ओलांडायचे आणि दुसऱ्या फेरीने मांडवी पार. हमरस्त्याने जाणारे पुष्कळ. या वाटेला गर्दी नाही आणि, माझ्या मते, गोव्यात याहून देखणी वाट नाही.

सोबत सावंतवाडीचे एक जोडपे होते. काका निवृत्त शिक्षक, रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारे. काकींनी लेकीच्या ऑपरेशनच्या वेळी सायबाला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरला, नवस बोलला होता. तो फेडायला निघालेल्या. इथे टाळ-मृदंग नाही, पण रोझरीचा जप चालीत बसला की पाय आपसूक पडतात. वारकऱ्याला हे सांगायला नको.

फेरीवर मी विचारले, "काका, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं ना? मग लेक बरी होणार हेही ठाऊक होतंच. नवस कशाला?"

"ह्यांकाच विचारा," काकी म्हणाल्या. "माका आपला चलाक व्हया."

काकांनी थॉमस अक्वायनस काढला, तेराव्या शतकातला, डॉमिनिकन या ख्रिस्ती संघातला साधू. प्रार्थना देवाचे मन वळवायला नसते, असे त्याचे म्हणणे. काय घडावे एवढेच देव ठरवत नाही, ते कशामुळे घडावे हेही ठरवतो. त्या कारणांत डॉक्टरचा हात असतो तशी माणसाची प्रार्थनाही. नवस ठरलेल्याच्या आड येत नाही, तो त्यातच धरलेला असतो.

"मग तो न बोलण्याची मोकळीक काकींना होती का?"

"होती. डोंगरावर चल, सांगतो."

दिवाडीवर पिएदाद चर्चच्या डोंगरावरून मांडवीपलीकडची जुन्या गोव्याची चर्चे दिसतात, खाली शेतांतून जाणारी वाटही. अक्वायनसचा दृष्टांत नेमका असाच आहे: वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरच्याला सगळी वाट एकदम दिसते. देव काळाबाहेर आहे. आपला काल आणि उद्या त्याच्यासमोर एकत्रच मांडलेला. मी वरून बघतोय म्हणून खालचा सायकलवाला वळत नाही. इथवर पटले.

पण येशूचा शिष्य पेत्र, त्याचे काय? कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असे येशूने त्याला तोंडावर सांगितले आणि त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी, तसेच झाले. वरचा गप्प आहे तोवर दृष्टांत चालतो. त्याने खाली येऊन सांगून टाकले, मग? काका म्हणाले, पेत्राला शब्दांनी ढकलले नाही, भीतीने ढकलले. आणि नंतर तो ढसाढसा रडला. जे आपण केलेच नाही त्यासाठी कोणी असे रडेल का?

दुसऱ्या फेरीतून उतरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून वर आलो. सायबाचे शव जिथे आहे ते बॉम जेझूस चर्च जेझुइटांचे, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती संघाचे. बांधकाम 1594 ला सुरू झाले, 1605 ला चर्च अर्पण झाले. इथे जांभा चढत होता त्याच काळात रोममध्ये जेझुइट आणि डॉमिनिकन याच प्रश्नावरून भांडत होते. जेझुइट लुइस द मोलिनाने 1588 मध्ये मांडले होते की कोणता माणूस कोणत्या प्रसंगात आपखुशीने काय करील हे देव जाणतो, आणि ते जाणूनच जग रचतो. डॉमिनिकनांचा आक्षेप: मग देव माणसाच्या मर्जीवर टेकला. जेझुइटांचा उलट सवाल: तुमच्या म्हणण्याप्रमाणे मनही देवच हलवतो, तर माणूस मोकळा कुठे? 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोघांनाही आपापले मत ठेवू दिले, एकमेकांवर ठपका ठेवू नका म्हणून बजावले आणि अंतिम निकाल पुढे ढकलला. तो अजून लागलेला नाही. आमच्याकडच्या जमिनीच्या खटल्यांनाही लाज वाटेल.

मोलिना मला हुशार वाटतो, पण त्याचा देव पटत नाही. पेत्र इथे घसरणार हे जाणून त्याला शेकोटीपाशीच कसा उभा करतो? बॅसिलिकाच्या रांगेत मी हे बोललो तेव्हा काका म्हणाले, "योहानाचं शुभवर्तमान पुढे वाच. पुनरुत्थानानंतर येशू त्याला परत निखाऱ्यांपाशीच बोलावतो. तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. ती दुसरी शेकोटी तू हिशेबात धरतच नाहीस."

मी म्हटले, दुसरीसाठी पहिली लागलीच असे थोडेच आहे? हा वाद आमचा फोनवर अजून चालू आहे.